मागच्या बंपरवरच्या पाच खुणा

ताई गाडी मागे घेत होती आणि मी मागे उभा राहून हातानं ‘येऊ दे, येऊ दे’ करत होतो. एवढंच माझं काम होतं. पण बाजूच्या भिंतीवर कुणीतरी नवी सूचना चिकटवली होती, आणि छापलेलं काही समोर आलं की माझे डोळे माझ्या ताब्यात राहत नाहीत. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, ती सवय हाडीमाशी खिळली आहे. सूचनेत एक अख्खी ओळ दोनदा पडली होती. ती मी वाचली, खात्री करायला पुन्हा वाचली, आणि हात मात्र तोवर ‘येऊ दे’ करतच राहिला.

मग कडकन आवाज झाला.

“आली का पूर्ण?” ताईनं खिडकीतून विचारलं.

“थोडी जास्तच आली,” मी म्हणालो.

ती उतरून मागे आली. सिमेंटचा बुटका खांब जिथे होता तिथेच होता. मागच्या बंपरला मात्र डाव्या बाजूला वीतभर तडा गेला होता, आणि त्याचा एक ओठ आत दबून दुसरा बाहेर आला होता. ताईनं तड्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे.

“काय लिहिलंय तिथे?”

“इथे वाहनं लावू नयेत. दोनदा.”

“एकदा वाचून पुरे झालं असतं,” ती म्हणाली. घरी येईपर्यंत त्याउपर ती काही बोलली नाही, आणि ताई बोलत नाही तेव्हा मला माझं वय एकाहत्तरवरून एकदम सात झाल्यासारखं वाटतं.

बंपर प्लास्टिकचा होता आणि गाडी बावीस वर्षांची. दुसऱ्या कुणाच्या घरी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. आमच्याकडे यादी होती.

ताईचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, विमा कंपनीत गाड्यांचं नुकसान तपासतो. दिवसभर लोकांच्या चेपलेल्या दारांकडे संशयानं पाहून त्याला सगळं जगच खोटा दावा वाटायला लागलं आहे. आईला त्र्याहत्तरावं लागलं तेव्हा तो एका रविवारी फूटपट्टी घेऊन आला. गाडीची चारही बाजूंनी चित्रं काढली, प्रत्येक ओरखड्याला क्रमांक दिला, लांबी लिहिली. एकूण तेवीस खुणा. मी फोटो काढायचं सुचवलं तर म्हणाला, “मामा, फोटो उजेडाप्रमाणे बोलतो. माप एकच बोलतं.” खाली त्यानं लिहिलं, ‘वरील खुणांखेरीज गाडीवर एकही खूण नाही,’ आणि त्याखाली झोकात सही केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येऊन तपासणार. चोविसावी खूण सापडली की किल्ली त्याच्याकडे आणि गाडी विकायची. ताईनंही सही केली. ती हसत होती. तिला वाटलं, मुलगा गंमत करतोय. तो लहानपणीसुद्धा गंमत करायचा नाही.

त्या दिवशी मंगळवार होता आणि रविवारी पहिली तारीख.

“मी त्याला सांगतो, चूक माझी होती,” मी म्हणालो.

“सांग. मग तो म्हणेल, आईला मागचं दिसत नाही म्हणून मामाला उभं करावं लागतं, आणि मामालाही दिसत नाही. दोघांची एकदम सोय लावेल.” ती किल्ली बोटात फिरवत होती. तीस वर्षं सुईणपण केलं तिनं. कुठल्या कुठल्या घरी गाडी हाणत गेली आणि वेळेवर पोचली. आता त्याच गाडीतून ती बुधवारी मला ग्रंथालयात सोडते आणि गुरुवारी दोन मैत्रिणींना तलावावर पोहायला नेते. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीची नजर. “किल्ली गेली तर त्या दोघी घरी बसतील,” ती म्हणाली, “आणि मी तिसरी.”

गॅरेजला नेण्याची सोय नव्हती. आसपासचा प्रत्येक मेकॅनिक भाच्याला ओळखतो. गाडी आत जाताच तासाभरात त्याला फोन गेला असता. म्हणून बुधवारी मी बसनं ग्रंथालयात गेलो आणि गाड्यांच्या दुरुस्तीवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आलो. प्लास्टिकवरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. मग शंका नको म्हणून प्रस्तावना वाचली.

“पाठ झालं असेल तर हात लावू या,” ताई म्हणाली. तोवर तिनं चाकाच्या कमानीतले आणि खालचे स्क्रू काढून बंपर उतरवला होता, साबणानं धुतला होता, आणि घरामागच्या शेडमध्ये दोन खुर्च्यांवर जुनी चादर घालून त्यावर पालथा निजवला होता. चादर नीट खोचलेली होती. सवय दुसरं काय.

पुस्तक म्हणत होतं की तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूनं तारेच्या जाळीचा तुकडा ठेवून तापल्या इस्त्रीनं, म्हणजे तार जोडायच्या त्या टोकदार इस्त्रीनं, प्लास्टिकमध्ये दाबावा. मी हे मोठ्यानं वाचत होतो.

“म्हणजे टाके,” ताई म्हणाली. “टाके आतून घालायचे आणि बाहेर नुसती रेघ राहू द्यायची. हे मला पुस्तकातून सांगतोस?”

तिनं घातले. जळक्या प्लास्टिकचा वास शेडभर झाला, पण तिचा हात एकदाही हलला नाही. वरून तड्यात पुट्टी भरली. ती वाळल्यावर ताई कंबर धरून उठली आणि म्हणाली, “माझं झालं. आता घासायचं काम तुझं. तेवढं तरी नीट कर.”

गुरुवारी ती मैत्रिणींकडे पायी जाऊन ‘गाडीला सर्दी झालीय’ असं सांगून आली, आणि आम्ही दोघं रंगवाल्याकडे गेलो. गाडीचा रंग निळा. पण आम्ही कारखान्याच्या रंगाचा क्रमांक न सांगता पेट्रोलच्या तोंडावरचं झाकणच उचकटून नेलं होतं. ती अक्कल ताईची. रंगवाल्यानं झाकण उन्हात धरलं.

“कारखान्यातला निळा आणि हा निळा, यांत वीस वर्षांचं ऊन आहे,” तो म्हणाला. “कुणापासून लपवायचंय?”

मी खाली पाहिलं. ताई म्हणाली, “मुलापासून.”

“नवऱ्यापासून लपवायला आलेल्या पुष्कळ पाहिल्या. मुलापासून पहिल्यांदाच.” त्यानं मान हलवली. “मुलगा काय करतो?”

तिनं सांगितलं. रंगवाल्यानं हातातला चमचा खाली ठेवला. मग त्यानं निळ्यात करडा घातला, थेंबभर पिवळा घातला, झाकणाशी ताडून पाहिला, पुन्हा घातला, आणि शेवटी स्प्रेच्या डब्यात भरून दिला. “ऊन मी मिसळलंय,” तो म्हणाला. “धूळ तुमची तुम्ही लावा.”

दुपारी मी घासायला बसलो. आधी एकशेऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग तीनशेवीस, मग सहाशेचा पाण्यात भिजवून. मला वाटलं होतं कंटाळा येईल. तसं झालं नाही. पुट्टीची कड हळूहळू विरघळत जाते, आणि डोळ्यांना जिथे काही दिसत नाही तिथे बोटांना अजून उंचवटा लागतो. डोळे मिटून हात फिरवायचा, अडखळला की तिथे थांबायचं, घासायचं, पुन्हा फिरवायचं. हेच तर मी आयुष्यभर केलं होतं, फक्त कागदावर. दोनेक तासांनी तडा होता कुठे हे मलाच सांगता येईना.

इथे थांबायला हवं होतं. पण हात पुढे गेला आणि अडखळला. मी घासलं. आणखी पुढे गेला, पुन्हा अडखळला.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, पार कडेच्या आत वळणाऱ्या भागात, बोटभर लांबीची खोल खरड होती. उभं राहून ती दिसलीच नसती. विशेष म्हणजे तिच्यावर कुणीतरी ब्रशनं निळा रंग भरला होता, आणि तो निळा कारखान्यातला होता, ऊन न मिसळलेला. मी वहीत नोंद केली, जागा आणि लांबी लिहिली, आणि तीही पुट्टी भरून घासून काढली.

संध्याकाळी प्रायमर, शुक्रवारी सकाळी रंगाचे तीन पातळ हात, दर दोन हातांमध्ये थांबून, आणि वरून चमकेसाठी लॅकर. शुक्रवारी दुपारी बंपर वाळून चकचकीत झाला. मी आयुष्यात हातानं काही केलं असेल तर ते हेच. ताईला हाक मारली.

ती आली, वाकली, आणि तड्याच्या जागेवरून अंगठा फिरवला. “किड्या,” ती म्हणाली. पुस्तकातला किडा या अर्थानं ती मला लहानपणापासून किड्या म्हणते. “किड्या, तुझ्या हातात कला आहे हे आपल्या आईला कळलं असतं तर तिनं तुला शाळेत घातलंच नसतं.”

मला फार बरं वाटलं. ते मिनिटभर टिकलं.

“आता यादीतल्या दाखव,” ती म्हणाली. तिच्या हातात भाच्याचा कागद होता.

“यादीतल्या काय?”

“खुणा. मागच्या बंपरवर एकोणीस ते तेवीस, अशा पाच आहेत. कुठायत?”

मी बंपरकडे पाहिलं. बंपर आरशासारखा होता. त्यात माझा चेहरा दिसत होता आणि तो फारसा शहाणा दिसत नव्हता.

“घासतच होतो,” मी म्हणालो, “तर म्हटलं…”

ताई खुर्चीच्या काठावर बसली. “चोविसावी खूण नको म्हणून चार दिवस राबलो. आणि तू मागच्या तेवीसमधल्या पाच खाल्ल्यास. तो नुसता दुरून बघेल आणि म्हणेल, आई, बंपर कुठे आपटलास?”

“मला वाटलं नाही की दोष राहू द्यायचे असतात.”

“तुला कधीच वाटलं नाही. म्हणून छापखान्यातला एक लेखक तुझ्याशी बोलत नव्हता.”

तीन लेखक बोलत नव्हते, पण मी ते सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही खुणा परत लावायला बसलो. मी सुई आणि घासकागद काढून ठेवला होता. ताईनं सुई उचलून बाजूला टाकली.

“सुईची खूण सुईसारखी दिसते. तो हेच बघून पगार घेतो. ज्यानं जी केली त्यानंच ती करायची.”

म्हणून एकोणिसावी, डावं टोक, आडवी, चार सेंटीमीटर, ही करायला आम्ही बंपर उचलून बागेच्या फाटकापाशी नेला आणि कडीवर घासला. मी पट्टी धरून मोजत होतो. “आणखी जराशी… बस.” विसावी म्हणजे मध्यभागी तीन ठिपके. ते गुडघेवालीच्या काठीचे होते, तेव्हा ताईनं तिच्याकडून काठी मागून आणली. काठी कशाला हवी असं मैत्रिणीनं विचारलं, तर ताई म्हणाली, “भावाला.” बाविसाव्या तिरक्या रेघेसाठी लोखंडी बादली, तेविसाव्या धूसर डागासाठी शेडची भिंत. एकविसावी, बटणाएवढा टवका, रस्त्यावरून उडालेल्या दगडाची होती. ताईनं तीन पावलांवरून दगड मारला आणि तो पहिल्याच फटक्यात नेमक्या जागी लागला.

“आणि म्हणे, हिच्या गाडी चालवण्यावर कुणाचा विश्वास नाही,” ती आकाशाकडे बघत म्हणाली.

मग बुटांचं काळं पॉलिश खुणांमध्ये बोटानं भरून पुसलं, म्हणजे त्या जुन्या दिसतात. लॅकरची चमक सहाशेच्या ओल्या कागदानं मारली आणि वरून अंगणातली धूळ फडक्यानं चोळली. जो कागद मी परवा चुका काढायला वापरला, त्यानंच आता चुका जुन्या करत होतो. मला ते कुठेतरी लागत होतं, पण हात छान चालत होता. पाचही खुणा मी यादीशी ताडून पाहिल्या. मग वही उघडली.

“आणखी एक होती,” मी म्हणालो, आणि उजव्या कोपऱ्यातल्या रंग भरलेल्या खरडीचं सांगितलं. “ती यादीत नाही. पण गाडीवर होती. करायची का?”

“तिथे? आतल्या कडेला?” ताईनं भुवया वर केल्या. “ती माझी नव्हे. माझ्या खुणा मला पाठ आहेत, कोण कधी कशी जन्मली.”

“मग कुणाची?”

ताई फडकं झटकत राहिली. मग थांबली.

“यादी करायच्या महिनाभर आधी पोरानं त्याची गाडी दुरुस्तीला दिली होती. आठ दिवस आपली घेऊन गेला होता, आठवतंय?”

“हो.”

“परत आणली तेव्हा धुऊन आणली होती.” ती हळूहळू बोलत होती. “जन्मात स्वतःचा कप धुतला नाही त्यानं. मी चार जणींना सांगितलं, बघा, पोरगा सुधारला.”

आम्ही दोघंही त्या गुळगुळीत कोपऱ्याकडे बघत राहिलो.

“तर मग लिहून कळवू का त्याला?” मी विचारलं. “की बाबा, तुझीही एक…”

“काही लिहायचं नाही. पुरावा तू घासून टाकलायस, विसरलास?” ताई उठली. तिच्या तोंडावर ते हसू होतं, ज्याच्यापायी लहानपणी दर वेळी मार मलाच बसायचा. “यादीत नाही ना ती? मग गाडीवरही नको. आपण यादीप्रमाणे चालणारी माणसं.”

संध्याकाळी बंपर बसवला. ताईनं मला ताकीद दिली: उद्या मी एक अक्षर बोलायचं नाही, कारण खोटं बोलताना माझे कान हलतात. काही विचारलं तर खोकायचं.

रविवारी दहा वाजता भाचा आला. हातात टॉर्च, खिशात फूटपट्टी. पुढच्या बाजूनं सुरुवात केली, एक, दोन, तीन, प्रत्येक खुणेला बरोबरची खूण. दारं झाली. मागे यायच्या आधीच त्यानं नाक वर करून हुंगलं.

“कसला वास येतोय, मामा?”

मी खोकलो.

“त्याला सर्दी आहे,” ताई म्हणाली.

“सर्दीला लॅकरचा वास येतो?”

मी आणखी जोरात खोकलो. तो मागे आला आणि उकिडवा बसला. टॉर्च तिरका धरला. मग बोटाच्या पेरानं बंपरवर टकटक करत डावीकडून निघाला. टक, टक, टक, आणि पुट्टीच्या जागी ठक. पुन्हा वाजवून पाहिलं. ठक.

“आई,” तो न वळता म्हणाला, “हा बंपर रंगवलाय.”

माझे कान हलले. ताई ओट्यावर बसली होती, तिथूनच म्हणाली, “यादीत बघ बाबा. मला म्हातारीला काय कळतंय.”

“यादीचा प्रश्न नाही.”

“सही कशाखाली केलीस? यादीखालीच ना? बघ, पाच खुणा आहेत की नाहीत.”

त्यानं पट्टी काढली. एकोणीस, वीस. एकविसाव्या टवक्यावर तो बराच वेळ थांबला, भिंग असतं तर लावलं असतं. पण माप जुळलं. बावीस, तेवीस. सगळ्या होत्या.

“खुणा आहेत,” तो कबूल झाला. “पण खुणा असल्या म्हणून काय झालं? खाली नवा रंग आहे. काहीतरी झालंय इथे, आणि ते मी…”

बोलता बोलता त्याचा उजवा हात कडेनं सरकत कोपऱ्याकडे गेला. तो बघत नव्हता. हातालाच वाट माहीत होती. बोटं कडेखाली वळली आणि तिथेच थांबली. पुढे गेली, मागे आली. मग त्यानं मान पार जमिनीपर्यंत वाकवली आणि टॉर्च कडेच्या आत घातला.

बाहेर येऊन त्यानं ती कड पुन्हा एकदा चाचपली.

“काय शोधतोयस?” ताईनं विचारलं.

“काही नाही.”

“काही असायला हवं होतं का तिथे?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आमच्या घरात सगळ्यांचं कानांवरच येतं.

“असेल तर सांग,” ताई मायेनं म्हणाली. “यादीत चढवू. मागची-पुढची सगळी चढवू. कुणी केली, कधी केली, वर रंग कुणी फासला, सगळं नीट लिहू. मामाचं अक्षर चांगलं आहे.”

मी खोकलो. या वेळी खरोखरीच ठसका लागला होता.

भाचा उठला. गुडघ्यांवरची धूळ झटकायला त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं कागद बॉनेटवर ठेवला, तेवीस खुणांवरून एकदा नजर फिरवली, खालचं स्वतःचं वाक्य वाचलं, आणि या महिन्याची सही केली. ही सही नेहमीपेक्षा लहान होती.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “सगळं यादीप्रमाणे आहे.”

“मग किल्ली?”

“किल्लीचं काय? तुझ्याकडेच आहे.”

“असू दे ना मग,” ताई म्हणाली, आणि त्याला कॉफी करायला आत गेली.

ती आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला. “काम कुणी केलं, मामा?” त्यानं हळूच विचारलं.

मी खोकायचं विसरलो. पण बोललोही नाही. फक्त कान हलले असावेत.

“मी दिवसाला दहा दुरुस्त्या बघतो,” तो म्हणाला. “इतकी स्वच्छ पाहिली नाही.” आणि माझी छाती जरा फुगतेय तोच पुढे म्हणाला, “बावीस नंबरची मात्र अर्धा सेंटीमीटर खाली गेलीय.”

त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही. सोमवारी उजाडताच पट्टी घेऊन गेलो. बावीस नंबरची जिथे असायला हवी तिथेच होती. पुन्हा मोजलं, दुसऱ्या पट्टीनं मोजलं. केसाचाही फरक नव्हता. म्हणजे पोराला गंमत करता येत होती. इतकी वर्षं दाबून ठेवली होती एवढंच. तरी बुधवारी निघताना मी पुन्हा मागे जाऊन वाकलोच, कारण पट्ट्याही चुकू शकतात.

ताईनं गाडी सुरू केली होती. आरशातून मला बघत होती.

“आत येऊन बस,” तिनं खिडकीतून सांगितलं. “आणि मांडीवर वाचायला काहीतरी घे. गाडी मी मागे घेईपर्यंत मान वर करायची नाही.”